कापा मावशीच्या लिंबाची खिडकी

आमच्या इमारतीच्या दाराशी एक पितळी पाटी ठोकलेली आहे. ‘आदर्श हरित इमारत’. येणारेजाणारे ती वाचतात, कौतुकाने मान डोलावतात आणि पुढे जातात. मी मात्र कामावर निघाले की तिच्याकडे पाठ करूनच दार ओढून घेते. त्या पाटीचा मान कुणी मिरवला हे आत्ताच सांगायला गेले तर तोंडून भलतंसलतं निघेल, म्हणून आधी कापा मावशीबद्दल सांगते.

तिचं पूर्ण नाव कापितोलिना अवेनिरोव्हना. बुटकी, अंगाने रुंद, पायात उन्हाळा सोडला तर कायम लोकरीचे जाड बूट, आणि तोंडाने फटकळ. तिचं कुणाशी धड पटायचं नाही आणि तिच्यावाचून कुणाचं चालायचंही नाही. जन्मली रशियातल्या आमच्या या पाव्लोवो गावात, वाढली पाव्लोवोत, आणि गावातल्या निम्म्या बायकांसारखी कुलपांच्या कारखान्यात लागली. लांबलचक टेबलाशी बसून कुलपाच्या पोटात खटके आणि स्प्रिंगा बसवायच्या, हे काम तिने केस पांढरे होईपर्यंत केलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा लढाईवर गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. दुसरा कर म्हणून मागे लागणाऱ्यांना ती म्हणायची, "माझ्या घरात चांगली खिडकी एकच, आणि ती भरलेली आहे."

ती लिंबाने भरलेली होती. बाहेर अर्धं वर्ष बर्फ, ओका नदी गोठून रस्ता झालेली, आणि आत प्रत्येक घराच्या खिडकीत कुंडीत, डब्यात, नाहीतर बूड फुटलेल्या पातेल्यात लिंबाचं झुडूप, हे आमच्या गावात पणज्यांच्या वेळेपासून असंच आहे. लेकीचं लग्न ठरलं की आई आपल्या झुडपाची एक फांदी खोचते, तिच्यावर काचेचा पेला पालथा घालते, मुळं धरली की लेक ती कुंडी मांडीवर घेऊन सासरी जाते. फांदी विकायची नाही, विकत घ्यायची नाही. कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही, मग मागणारा वैरी का असेना. आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. आभार मानले की मुळं फुटत नाहीत, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात, पक्षाच्या बैठकांत भाषणं ठोकणारेसुद्धा.

देणारी बाई कुंडीच्या काठाला कानशीने एक खाच पाडून देते. ती खाच कायम खिडकीकडे ठेवायची. झुडपाला एका अंगाने ऊन खायची सवय लागली की त्याला फिरवायचं नसतं. पाहुण्यांना हिरवी बाजू दिसावी म्हणून नव्या सुना एकदा तरी कुंडी फिरवतात आणि महिनाभर पानं झाडत बसतात. मीही फिरवली होती. तेव्हा कापा मावशी माझ्या सासूच्या देखत म्हणाली, "लिदा, तुझा नवरा बरा आहे म्हणून वाचलीस. त्याला असं फिरवलं असतंस तर त्याचेही केस गळाले असते."

तिचं झुडूप तिच्या आईच्या झुडपाचं. टेकडीवरच्या तिच्या लाकडी घरात, लाकडी पिंपात लावलेलं, अख्ख्या खिडकीभर पसरलेलं. त्याचा हिवाळा काढणं हाच मावशीचा हिवाळा असायचा. थंडी पडायच्या आधी दुहेरी तावदानांच्या मध्ये कापूस भरायची, फटींवर कागदाच्या पट्ट्या डकवायची. बाहेरून बादलीत बर्फ आणून भट्टीशेजारी ठेवायची, ते वितळून खोलीइतकं कोमट झालं की तेच पाणी घालायची, तेही जेमतेम, कारण हिवाळ्यात झुडूप अर्धवट झोपेत असतं आणि झोपलेल्याला कुणी घोटाघोटाने पाणी पाजत नाही. पिंपाखाली फळ्या, जमिनीचा गारठा मुळांना लागू नये म्हणून. शनिवारी स्वतः आंघोळ करून आली की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची.

आणि लिंबं? लिंबांच्या बाबतीत ती महाकंजूष. चहाला बोलवायची, कोबीची कचोरी प्रेमाने वाढायची, पण लिंबाची चकती अशी पातळ कापायची की तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. "आणखी एक दे ना मावशी," म्हटलं की, "वास घे, वास फुकट आहे."

मग टेकडीवरची आमची घरं पाडून तिथे काहीतरी बांधायचं ठरलं आणि आम्हा सगळ्यांना खालच्या अंगाला नव्या पाच मजली इमारतीत जागा द्यायचं ठरलं. जागावाटप होतं गेन्नादी सव्विच कुबारेवच्या हातात. हा कुबारेव कुणी आकाशातून पडलेला नव्हे. आमच्याच गल्लीतला. त्याचा बाप, सव्वा नावाचा, झुंजीचे हंस पाळायचा, आणि गेन्ना लहानपणी त्या हंसांना भिऊन कापा मावशीच्या कुंपणावर चढून बसायचा. तिथून त्याला खाली उतरवणारी मावशीच. पुढे तो शिकला, खुर्चीवर बसला, पोट सुटलं, आणि कुंपण विसरला.

मावशी त्याच्या कार्यालयात गेली तेव्हा मी बरोबर होते. तिने नळ मागितला नाही, गॅस मागितला नाही, खालचा मजला की वरचा हेही विचारलं नाही. म्हणाली, "गेन्ना, मला दक्षिणेची खिडकी दे. बाकी भिंती कशाही असल्या तरी चालतील."

"का हो, म्हातारपणी ऊन खात बसणार?"

"मी नाही. लिंबू."

तो मोठ्याने हसला. खोलीतले इतरही हसले, साहेब हसला की हसायचंच असतं. पण तो म्हणाला, चालेल, दुसऱ्या मजल्यावरची डावीकडची तुमची. सगळ्यांच्या देखत म्हणाला. मावशीने त्या रिकाम्या घरात जाऊन एप्रनच्या नाडीने खिडकी मोजली, नाडीला गाठ मारली आणि ती गाठ मला दाखवून म्हणाली, "बसेल. अंग जरा चोरावं लागेल, पण बसेल."

थंडी पडायच्या आत जुन्या घराची खिडकी चौकटीसकट काढली, कारण झुडूप दारातून निघेना. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पिंप बाहेर घेतलं, गोधड्या गुंडाळल्या, फांद्या शालींनी आवळून बांधल्या. ट्रकमध्ये मावशी ड्रायव्हरशेजारी बसलीच नाही, मागे पिंपाला मिठी मारून बसली. इमारतीशी पोचलो, तर कुबारेवने हातात किल्ली दिली ती उजवीकडच्या घराची. उत्तरेच्या खिडकीची.

मावशीने किल्ली उलटसुलट करून पाहिली. "गेन्ना, चुकलं वाटतं."

"चुकलं नाही, कापितोलिना अवेनिरोव्हना. डावीकडची जागा दुसऱ्यांना गेली."

"कुणाला?"

"ज्यांची गरज जास्त त्यांना. लिंबांना घरं द्यायचं खातं माझ्याकडे नाही."

ज्याची गरज जास्त तो निघाला कुबारेवचा मेव्हणा वेन्यामिन. नदीपलीकडे त्याचं स्वतःचं घर, परसात काकड्यांचे वाफे, न्हाणीघर वेगळं. त्या वेन्यामिनला आमच्या जिन्यावर आजतागायत कुणी पाहिलेलं नाही. कधीतरी पोर मोठं होईल, कधीतरी लग्न करेल, तेव्हा जागा हाताशी असावी म्हणून ती अडवून ठेवली, बस. दाराला कुलूप घातलं आणि गेला. इथे माणसं एका खोलीत चार चार झोपत होती, आणि त्या घरात ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकाम्या जमिनीवर लोळत होतं. 

पहिला बर्फ पडला आणि मावशीच्या उत्तरेच्या खिडकीत अंधार बसला. सूर्य तिकडे यायचाच नाही, समोरच्या गोदामाची भिंत तेवढी दिसायची. त्यात खिडकीखाली खोली तापवणारी लोखंडी वाफेची पेटी, रात्रंदिवस तापलेली. वर कोरडी गरम हवा, खाली मुळांशी गारठा, आणि उजेड नाही. मावशीने पेटीवर ओली फडकी टाकली, पिंपाखाली फळ्यांचे थर रचले, दिवा टांगून ठेवला. काही उपयोग झाला नाही. पानं पडायला लागली. तिच्याकडे चहाला बसलं की मधूनच टप असा आवाज व्हायचा, आणि ती वाक्य अर्धं सोडून उठायची, पान उचलून त्याचा देठ बघायची.

"देठासकट पडतंय," ती म्हणायची. "म्हणजे अजून जीव आहे. फांदीवरच वाळायला लागलं की संपलं."

तुम्ही म्हणाल, दक्षिणेच्या बाजूला राहणारे शेजारी काय झोपले होते का? झोपले नव्हते. पण आमच्या प्रत्येकीच्या खिडकीत आमचं आमचं झुडूप होतं, आणि मावशीचं तर कुणाच्याही खिडकीत आणखी एका पानाला जागा ठेवणारं नव्हतं. मी तिला म्हटलं, "माझं काढते, तुझं ठेवू." तर माझ्यावरच उखडली. "तुझ्या आईने दिलेलं अंधारात टाकून माझं जगवायचं? मला तसलं जगवणं नको. गप चहा पी."

आणि सगळ्यात संतापजनक गोष्ट तर पुढेच आहे. सकाळी ऊन वर आलं की वेन्यामिनच्या बंद दाराच्या किल्लीच्या भोकातून एक कवडसा बाहेर पडायचा. सरळ जिन्यावरून येऊन मावशीच्या उंबऱ्यावर थांबायचा. मी कामावरून येता-जाता किती वेळा पाहिलं, मावशी दार उघडून त्या कवडशाकडे बघत उभी आहे.  मी कुबारेवच्या नावाने बोटं मोडत वर जायचे.

एके दिवशी मी दुपारच्या पाळीला होते, म्हणून सकाळी घरी होते. खालून मावशीने हाक मारली. "लिदा, शाली घेऊन ये. असतील नसतील तेवढ्या."

खाली गेले तर वेन्यामिनचं दार सताड उघडं. आत उन्हाचा नुसता लोट. मावशी एप्रन घालून, केसांवर रुमाल बांधून उंबऱ्यात उभी, हातात केसांचा आकडा वाकवून केलेली तार.

"मावशी, हे काय केलंस?"

"कुलूप उघडलं."

"अगं पण हे कुणाचं..."

"माझं," ती म्हणाली. "आमच्या टेबलावरचं आहे. स्प्रिंग बसवताना जरा डावीकडे कलते, ती चूक आमच्याकडे कधी सुधारलीच नाही. बाहेरून आणलेलं असतं तर मीही घाबरले असते. आता शाली धर, थंडी जिन्यात शिरतेय."

मला हसू आवरेना. पाव्लोवोत राहायचं, कुलूप बनवणाऱ्या बाईच्या समोर दार लावायचं आणि त्याला तिच्याच कारखान्याचं कुलूप घालायचं. एवढी अक्कल फक्त कुबारेवच्या घराण्यातच. आम्ही फांद्या आवळल्या, नव्या घरांची दारं रुंद म्हणून निभावलं, आणि पिंप फळकुटावरून ओढत पलीकडे नेलं. मावशीने गुडघे टेकून काठावरची खाच शोधली आणि ती खिडकीकडे येईल असं पिंप बसवलं. मग घर झाडून काढलं, दुसऱ्या कशाला हात लावला नाही, कारण तिथे दुसरं काही नव्हतंच. बाहेर येऊन त्याच तारेने कुलूप लावलं.

तेव्हापासून रोज सकाळी ती आकडा घेऊन निघायची, उघडायची, कोमट बर्फाचं पाणी घालायची, पानं पुसायची, लावायची. लपूनछपून काही नव्हतं. टपालवाला जिन्यावर भेटला तर त्यालाही म्हणायची, "जरा बादली धर, दार उघडू दे." सगळ्या जिन्याला ठाऊक होतं आणि सगळा जिना गप्प होता. पानं पडायची थांबली. मग शेंड्याला लालसर कोंब दिसले. कापा मावशीने मला त्या आठवड्यात लिंबाच्या दोन चकत्या दिल्या, त्याही बऱ्यापैकी जाड.

पण झुडूप सुखावलं की फुलतं, आणि फुललं की दरवळतं. हिवाळा सरत आला तेव्हा कळ्या उमलल्या आणि ज्या भोकातून कवडसा यायचा त्यातूनच वास बाहेर यायला लागला. नेमका तेव्हा कुबारेव नळांची पाहणी करायला आला. जिन्यावर थबकला. हुंगत हुंगत मेव्हण्याच्या दाराशी गेला. याच गावचा माणूस, लिंबाच्या फुलाचा वास त्याला कोणी सांगायला नको होता.

आमच्याकडे इमारतीतली भांडणं सोडवायला शेजाऱ्यांचंच एक न्यायालय बसतं. तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत ते बसलं. अध्यक्ष अवदेय निलिच, निवृत्त कानसवाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याची लेक, जावई आणि नातवंडं एका खोलीत कोंबलेली होती आणि त्यांना जागा कधी मिळणार हे कुबारेवच्या मर्जीवर होतं. तेव्हा न्याय काय होणार हे आम्हाला बसायच्या आधीच कळायला हवं होतं.

"ही घरफोडी आहे," कुबारेव म्हणाला.

"काय फोडलं?" मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "कुलूप आण इकडे. त्याच्यावर एक ओरखडा दाखव."

"तुम्ही परक्याचं कुलूप उघडलंत."

"उघडलं. आणि रोज लावलंही. कधी विसरले नाही."

मागे कुणीतरी खुसखुसलं. मला राहवेना, मी उभी राहिले. "ज्याचं घर फोडलं म्हणता तो वेन्यामिन कुठाय? तक्रार त्याने करायची, तर तुम्ही का करताय?"

"तो कामात आहे," कुबारेव म्हणाला.

"काकड्या खारवतोय नदीपलीकडे," मागचा आवाज म्हणाला.

"या खोलीतल्या एकाने तरी हात वर करावा," मी म्हटलं, "ज्याने त्या वेन्यामिनला त्या घरात एकदा तरी पाहिलंय. आणि अवदेय निलिच, तुम्ही खाली काय बघताय? तुमच्या लेकीलाच विचारा रिकामी घरं का रिकामी आहेत ते."

अवदेय निलिचचे कान लाल झाले. "लिदिया, बस. जागा कुणाला दिली हा विषय आज समोर नाही. आजचा विषय कुलूप."

हे असं असतं. चोरी समोर नसते, कुलूप समोर असतं. मी बसले ती दातओठ खात.

मावशीला ताकीद मिळाली. लिंबू दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर काढायचं. तेव्हा ती उठली, आणि मी जन्मात पहिल्यांदा तिला कुबारेवशी मान देऊन बोलताना ऐकलं.

"गेन्नादी सव्विच, थोडे दिवस थांबा. मार्च संपू द्या. ते फुलावर आलंय. आता अंधारात नेलं तर ते जाणार, तुम्हाला माहीत आहे. तुमच्याही आईकडे होतं."

तिच्या आवाजात विनवणी होती. कापा मावशीच्या आवाजात. मला वाटलं, आता तरी हा माणूस वितळेल. कुबारेवने टोपी उचलली. "झाडासाठी नियम वाकवला तर उद्या लोक शेळ्या घेऊन येतील," तो म्हणाला, आणि काही जण हसले. कोण कोण हसलं ते मी पक्कं लक्षात ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तेव्हा मावशी त्या घरात झुडपासमोर स्टुलावर बसली होती. मांडीवर तिच्या बापाने घडवलेली जुनी कात्री. म्हणाली, "तिकडे नेऊन रोज एकेक पान पडताना मी बघणार नाही. इथल्या उन्हातच कापते."

आधी तिने फुलं खुडून बशीत ठेवली. मग फांद्या कापायला लागली. मी दाराशी उभी राहून रडत होते, ती रडत नव्हती. आणि मग वरून, खालून, शेजारच्या जिन्यातून बायका यायला लागल्या, प्रत्येकीच्या हातात मातीचा डबा आणि काचेचा पेला नाहीतर लोणच्याची बरणी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मोठ्या झुडपाला आमच्या खिडक्यांत जागा नव्हती, पण पेल्याखालच्या फांदीला कोपरा पुरतो. मावशी प्रत्येकीला फांदी देत होती आणि प्रत्येकीला बोलही लावत होती. "तुझ्या खिडकीत बोका बसतो, त्याला आधी हाकल." "तू पाण्यात बुडवून मारतेस, तुला द्यायला जिवावर येतंय, पण मागितलीस तर घे." प्रत्येक डब्याला कानशीने खाच पाडत होती. आभार कुणीही मानले नाहीत. नुसत्या माना हलवून बायका जात होत्या. सगळ्यात शेवटी अवदेय निलिच आला, हातात फुटक्या कानाचा कप. मावशीने त्यालाही दिली. मी असते तर दिली नसती.

उरलेला बुंधा आणि त्याच्यावरची चार पानं आम्ही उत्तरेच्या खिडकीत परत नेली. संध्याकाळी कुबारेवचा माणूस आला आणि त्याने वेन्यामिनच्या दाराला नवं कुलूप बसवलं. परगावाहून मागवलेलं. कुलपांच्या गावात, कुलूप बनवणाऱ्या माणसांच्या इमारतीत, परगावचं कुलूप. आमच्या तोंडावर थुंकला असता तरी एवढं लागलं नसतं.

"हेही उघडेल का गं?" मी मावशीला विचारलं.

"उघडेल, उशीर लागेल," ती म्हणाली. "पण आता आत ठेवायचं काय?"

बुंध्यावरची पानं पडली नाहीत. फांदीवरच वाळली. मावशीने ते पिंप उन्हाळ्यापर्यंत तसंच ठेवलं, मग एक दिवस माती अंगणात ओतली आणि पिंपात कोबी खारवायला घातली. तिच्या खिडकीत त्यानंतर काही आलं नाही. आपल्या वाट्याची एक फांदी तिने माझ्या खिडकीत लावली होती, माझ्या आईच्या झुडपाच्या बगलेत. ती पाहायला रोज वर यायची, आणि तेवढ्याने भागायचं नाही म्हणून घरोघरी फिरायची, दार वाजवून सरळ खिडकीशी जायची, खाच बघायची, माती चिमटीत धरून बघायची आणि शिव्या देऊन परत यायची. आमच्या इमारतीत तिच्यासाठी दार उघडं ठेवायची सवयच लागली.

पुढच्या वर्षभरात फांद्यांची झुडपं झाली. रस्त्यावरून आमची इमारत पाहिली तर दक्षिणेची एकूण एक खिडकी हिरवी, एक वेन्यामिनची सोडून. तिथे जाड पडदा. अशात वरून कुणी मोठी समिती गाव बघायला आली, तिने हे पाहिलं, आणि पाटी मिळाली. समारंभ झाला, बाजा वाजला. कुबारेव नवा कोट घालून पाटीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या मार्गदर्शनाखाली रहिवाशांनी हे हिरवं पाऊल उचललं." आपल्या म्हणजे त्याच्या. टाळ्या झाल्या. मी हात खिशातून काढले नाहीत. मावशी माझ्या शेजारी उभी होती, सूर्यफुलाच्या बिया सोलत होती, टरफलं नीट रुमालात गोळा करत होती.

समारंभ संपला तसा तो आमच्याकडे आला. चारचौघांत, हसतमुखाने. "कापितोलिना अवेनिरोव्हना, माझ्या बायकोची फार इच्छा आहे. एक फांदी द्या ना, तुमच्या त्या झुडपाची."

मी मावशीचा दंड धरला. घरी आल्यावर तर मी दारच अडवलं. "देऊ नकोस. झुडूप माझ्या खिडकीत आहे, मी सांगते ते माझं आहे म्हणून. मी नाही म्हणते त्याला. माझं काय वाकडं करायचं ते करू दे."

"मागितलंय त्याने," ती म्हणाली.

"त्यानेच मारलं ना गं ते?"

"त्याने मारलं. आणि त्यानेच मागितलं. लिदा, बाजूला हो, ऊन अडवतेस."

तिने फांदी कापली, मातीत खोचली, माझाच पेला तिच्यावर पालथा घातला. मुळं धरेपर्यंत रोज वर येऊन बघत राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होते, मर, सुकून जा. ती सुकली नाही. टवटवीत पान फुटलं तिला.

कुबारेव न्यायला आला तो माझ्याच घरी. मी त्याला खुर्ची दिली नाही. मावशीने खिशातून कानस काढून कुंडीच्या काठाला खाच पाडली, फुंकर मारून भुकटी उडवली आणि कुंडी त्याच्या हातात दिली.

"ही बाजू खिडकीकडे ठेव, गेन्ना. फिरवू नकोस. दक्षिणेची खिडकी आहे ना तुझ्याकडे?" मग त्याने उत्तर द्यायच्या आत तिनेच मान डोलावली. "आहे म्हणा. तुझ्याकडे असणारच."

 कुबारेव कुंडी दोन्ही हातांत घेऊन, कोटाला माती लागू नये म्हणून जरा लांब धरून, जिना उतरून गेला. आभार मानले नाहीत. टेकडीवरची आमची घरं घेतली, मावशीची खिडकी घेतली, पाटी घेतली, तेव्हाही त्याने कधी आभार मानले नव्हते. या खेपेला मात्र ते रीतीला धरून होतं.